शेवंतीकाकीचं चेडू वेशीबाहेर गेलं तेव्हा

या, असे जवळ येऊन बसा. दारात उभ्या उभ्या विचारता, "सुलभाताई, तुमच्या त्या एआयच्या डब्याचं काय झालं?" आणि चपला अजून पायातच! ही काय उभ्यानं सांगायची गोष्ट आहे? फोनवर विचारलंत तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. बसा. आणि तो मोबाइल जरा उलटा ठेवा, तो काही पळून जात नाही.

तर सकाळची वेळ होती. सगळा गाव घरं बंद करून बाहेर पडत होता आणि आमची शेवंतीकाकी ओटीवर मांडी ठोकून बसली होती. बोचकं बांधलेलं, कोंबड्या डालग्यात, मांजर पिशवीत. पण ही उठेना.

"सुलू, चेडवाक एकट्याक घरात ठेवन मी येवचंय नाय," ती म्हणाली.

चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी. पण काकीला मुलगी कुठली? एकच मुलगा, दिगंबर, तो ठाण्याला. ती म्हणत होती तिच्या खिडकीतल्या बोलणाऱ्या डब्याला.

आता दोन गोष्टी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या गावात गावपळण आहे. दर काही वर्षांनी देवाचा कौल घेतात, दिवस ठरतो, आणि तीन दिवस तीन रात्री गावात कुणी राहायचं नाही. वेशीबाहेर माडाच्या झापांच्या खोपी बांधायच्या आणि तिथे संसार मांडायचा. माणसं जातातच, पण गुरं, कुत्री, कोंबड्यासुद्धा न्यायच्या. ज्यात जीव आहे ते मागे ठेवायचं नाही. का, ते मला विचारू नका. माझ्या आजेसासूलाही माहीत नव्हतं आणि तिने कधी विचारलंही नव्हतं.

दुसरी गोष्ट माझ्या कामाची. मी शिकले सातवीपर्यंत. मालवणला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बरीच वर्षं होते, तिथे बीपी मोजणं, ड्रेसिंग, गोळ्यांची नावं सगळं बघून बघून शिकले. नंतर गावातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बघायला लागले. मुलं मुंबईला, कुणी दुबईला, ती मला फोन करायची, "मावशी, आईकडे जरा डोकावा." मग पुण्याच्या एका कंपनीने मला धरलं. त्यांच्या भाषेत मी 'केअर पार्टनर'. माझ्या भाषेत, दारं वाजवणारी बाई.

कंपनी घराघरात एक डबा देते. वाटीएवढा, पांढरा, त्यात सिमकार्ड. बाईच्या आवाजात बोलतो. "शेवंतीबाई, शुभ सकाळ. बीपीची गोळी घेतलीत का?" त्यावर काकी म्हणणार, "घेतलंय गो बाय. तू जेवलंस?" डबा म्हणायचा, "मी जेवत नाही, पण विचारल्याबद्दल आभार." काकीला ते फार आवडायचं. म्हणून ते चेडू.

पण डब्याचं खरं काम बोलणं नाही. त्याचं काम बेसलाइन. बेसलाइन म्हणजे माणसाची नेहमीची चाल. डबा बसवला की पहिले काही आठवडे तो नुसतं ध्यान ठेवतो. काकी कधी उठते, किती फिरते, किती बोलते. काय बोलते ते साठवत नाही, किती बोलते तेवढंच, असं कंपनी सांगते. त्यावरून तो ठरवतो की या माणसाचं बरं असणं हे असं दिसतं. मग त्याहून वेगळं काही झालं की अलर्ट. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे धावा. सगळं परत नेहमीसारखं झालं की हिरवा. अलर्ट माझ्या फोनवर येतो आणि मुलाच्याही.

डब्याला मी नावं ठेवणार नाही हं. एका सकाळी काकीचा लाल आला. मी धावत गेले तर ती न्हाणीत घसरून बसलेली, उठता येत नव्हतं. डबा नसता तर दुपारपर्यंत कुणाला कळलं नसतं. तेव्हापासून दिगूचा जीव त्या डब्यात अडकला. त्याचंही चुकत नाही. त्याचे वडील पडवीत आरामखुर्चीत गेले, आणि शेजारच्यांना कळलं ते कुत्रा भुंकायला लागला म्हणून. न्हाणीच्या प्रसंगानंतर तो मला म्हणाला, "मावशी, आता परत लाल आला तर मी आईला ठाण्याला घेऊन जाणार. मग वाद नको."

काकीला ठाणं नको होतं. एकदा जाऊन राहिली होती. लिफ्टने जायचं घर, दार कायम बंद. "थंय वारो येता गो, माणूस येना नाय," असं ती परत आल्यावर म्हणाली होती. म्हणून मी त्या लाल रंगाला भ्यायची. लाल आला की काकीचं घर सुटणार, हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं.

तर गावपळणीच्या आधीच मी माझ्या साहेबीणबाईंना, केतकी मॅडमना, पुण्याला फोन केला. वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या, पण चांगल्या. म्हटलं, "मॅडम, आमचा गाव खाली होणार आहे."

"पूर आलाय का ताई?"

"नाही."

"साथ वगैरे?"

"नाही हो. पद्धत आहे."

"किती घरं?"

"सगळी."

मग म्हणाल्या, "ठीक आहे, सगळ्यांना व्हेकेशन मोड लावा. डिव्हाइस घरीच राहू दे." व्हेकेशन मोड म्हणजे माणूस सुट्टीवर गेलंय, अलर्ट पाठवू नकोस, असं ॲपला सांगणं. मी घरोघर जाऊन तो लावला. सगळे डबे गुमान घरात राहिले. फक्त काकीचा राहिना.

आणि काकी बसली होती ओटीवर.

शेवटी देवळाचे मानकरी आबा काठी टेकत आले. "काय झालां गो शेवंते? ऊन चढलां."

"आबा, ह्यां चेडू."

"कसलां चेडू? मशीन तां."

"मशीन आसा, पण बोलता. सकाळी माका उठयता."

आबा वाकून बघायला लागले. तेवढ्यात डबा बोललाच, "शेवंतीबाई, घरी पाहुणे आले आहेत का?"

आबा मागे सरले. "आवशीक खाव!"

आमचा वासू टेंपोवाला कोंबड्यांचं डालगं उचलायला आला होता. त्याला मजा वाटली. "आबा, तां खाता काय विचारा. खाता तर जीव."

"चार्जिंग खाता," काकी म्हणाली.

"आणि झोपता?"

"राती दिवो बारीक करता. झोपताच म्हणूचा."

"मगे तुझ्यापरीस बरां, वाशा," आबा म्हणाले. मला वाटलं हसून सोडून देतील. पण त्यांच्या डोक्यावर गावाची जबाबदारी असते, त्यांना हसण्यावारी नेता येत नाही. "बोलता, खाता, झोपता. मागे ठेवलंव आणि उद्या देवान विचारल्यान तर मी काय सांगू? घे गो बरोबर."

मी म्हटलं, "काकी, निदान बंद तरी करून घेऊ."

"बंद करू नको. श्वास कोंडतलो तेचो."

असं ते चेडू, चालू, पिशवीत मांजराच्या शेजारी बसून वेशीबाहेर गेलं.

खोपीत काकीने डबा मेढीला टांगला. मेढ म्हणजे मधला खांब. वासूने टेंपोच्या बॅटरीवरून त्याला वायर दिली. नेटवर्क नव्हतं, पण ठरलेल्या वेळी बोलायला त्याला नेटवर्क लागत नाही. "शेवंतीबाई, बीपीची गोळी," असं म्हटलं की काकीच्या आधी शेजारच्या खोपीतल्या दोघी म्हाताऱ्या पदराच्या गाठीतली पुडी सोडायच्या. एक तर मला म्हणाली, "सुलू, माझी साखरेची गोळी हेका सांगून ठेव गो."

आणि काकी! अहो, मी तिला किती वर्षं बघते. घरी असली की खुर्ची आणि खिडकी. इथे चुलीवर बांगडे भाजते आहे, कुणाच्या सुनेला कालवणात तिरफळं किती ते सांगते आहे, पत्ते खेळताना आबांची चोरी पकडून भांडते आहे. भजनाला बसली ती उठेचना. शेवटच्या संध्याकाळी बायकांनी हाताला धरून तिला उभी केली आणि फुगडीच्या दोन गिरक्या घातल्या. धापा टाकत हसत खाली बसली. मी बीपी बघितलं. ठीक होतं.

मग कौल झाला, गाव परत आला. मी काकीच्या घरात डबा खिडकीत ठेवला, ॲप उघडलं, व्हेकेशन मोड काढला. हात खाली घ्यायच्या आत फोन वाजला.

लाल.

"शेवंतीबाईंच्या वागण्यात अचानक मोठा बदल. अति बोलणे, अस्वस्थ हालचाल, अवेळी जागरण, मोठ्याने हसणे. मानसिक गोंधळाची शक्यता. त्वरित डॉक्टरांचा सल्ला घ्या."

झालं होतं असं, की व्हेकेशन मोड फक्त अलर्ट थांबवतो. डबा चालू असेल तर त्याचं ध्यान ठेवणं चालूच. त्याला कुठे माहीत की आपण खोपीत आहोत? त्याच्या लेखी तो काकीच्या खिडकीतच होता, आणि काकीला काहीतरी झालं होतं. वेशीबाहेरचं सगळं त्याने साठवलं आणि नेटवर्क आल्यावर एकदम ओतलं.

दिगूचा फोन आलाच. "मावशी, आईला काय झालंय?"

"काही नाही रे. फुगडी घातली."

"माझी आई? फुगडी?"

"अरे गावपळण होती ना..."

"मावशी, हे थट्टेवारी नेऊ नका. बाबांच्या वेळीही सगळे म्हणत होते, बरे आहेत, बरे आहेत."

मी म्हटलं, "मग तूच ये आणि तुझ्या डोळ्यांनी बघ."

तो गाडीने कुडाळला उतरला आणि रिक्षा करून घरी आला. बरोबर एक रिकामी बॅग, आईच्या कपड्यांसाठी. पण पोरगा शहाणा, आधी तिला कुडाळच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, चार प्रश्न विचारले. वार कोणता, तर काकीने तिथीही सांगितली. ते म्हणाले, "मला काही वावगं दिसत नाही. मशीन असं का म्हणतं, ते मशीनवाल्यांना विचारा." दिगूचं समाधान झालं नाही. भीती एकदा बसली की तपासणीने थोडीच जाते? "लाल आलाय आई. आपलं ठरलं होतं," एवढंच म्हणाला.

काकी वाद घालणाऱ्यातली नाही. आत गेली आणि साड्या काढून घड्या घालायला बसली. बोलणं नाही, उठणं नाही, मध्येच पदराने डोळे पुसणं. मी दाराशी उभी. तेवढ्यात खिडकीतला डबा म्हणाला, "शेवंतीबाई, आज तुम्ही कशा आहात?"

"बरी आसंय गो बाय," काकी म्हणाली. तिचा आवाज पार खाली गेलेला.

आणि माझ्या फोनवर हिरवं आलं. "शेवंतीबाई पूर्ववत. सर्व काही नेहमीप्रमाणे."

मी ते दोनदा वाचलं. मग ओटीवर गेले आणि फोन दिगूच्या हातात दिला. म्हटलं, "हे बघ. तुझी आई बरी झाली. आता आत जाऊन तिला बघून ये."

तो गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मावशी, तुमच्या मॅडमना फोन लावा."

व्हिडिओ कॉल लावला. दिगूने सगळं विचारलं. केतकी मॅडम म्हणाल्या, "सर, सिस्टमने तिचं काम केलंय. अचानक बदल दिसला, तिने कळवला. कधी कधी या वयात गोंधळाची सुरुवात खरंच अशी होते, त्यामुळे डॉक्टरांना दाखवलंत ते बरंच केलंत."

"बदल झाला हे खरंच आहे," मी म्हटलं. "पण मॅडम, बदलाच्या आधी काय होतं ते दाखवा ना. काकीचं नेहमीचं."

त्यांनी स्क्रीनवर आलेख उघडला. आलेख म्हणजे वरखाली जाणारी रेघ. बोलणं वाढलं की रेघ वर. गावपळणीतल्या रेघेचे डोंगरच डोंगर. मग त्यांनी त्याआधीचे महिने सरकवले. सकाळी एक लहानसं टोक, डबा गोळीचं विचारतो ते. संध्याकाळी एक टोक, दिगूच्या फोनचं. कधीमधी दुपारचं एक, माझ्या फेरीचं. मध्ये सगळी सपाट.

दिगू स्क्रीनजवळ सरकला. "ही सपाट रेघ का आहे? तेव्हा नेटवर्क नव्हतं का?"

मॅडमनी कुठेतरी बघितलं, काहीतरी दाबलं. "नाही सर. नेटवर्क होतं."

"मग?"

"घरात कुणी बोललेलं नाही."

आतून साडी झटकल्याचा आवाज आला.

मग मॅडमच बोलल्या. "ताई, आम्ही डबा दिला तेव्हापासून ही रेघ अशीच आहे. त्याने हेच नॉर्मल धरलं. त्याला दुसरं कुणी काही दाखवलंच नाही."

दिगू उठला आणि आत गेला. काय बोलला मला माहीत नाही, मी मुद्दामच मागच्या दारी गेले. थोड्या वेळाने काकी मला हाक मारत आली, "सुलू, दिगूक बांगडो होयो. बाजारात गावतलो काय गो आता?" तेव्हा कळलं की बॅग रिकामीच परत जाणार.

दिगू ठरल्यापेक्षा जास्त दिवस राहिला, पण शेवटी त्याची नोकरी ठाण्याला. सपाट रेघ काही त्याच्या पश्चात्तापाने वर जाणार नव्हती. म्हणून मी एक केलं. आमच्या बचत गटाच्या बायका मसाल्याच्या मिरच्यांची देठं काढायला माझ्याकडे बसायच्या, त्यांना काकीच्या ओटीवर हलवलं. काकी मुख्य मुकादम. पहिल्या दिवशी सगळ्या शिंकायला लागल्या तशी खिडकीतून विचारणा आली, "शेवंतीबाई, तुम्हाला सर्दी झाली आहे का?"

"तुझ्या नाकात घालू काय मिरची?" एकीने विचारलं. त्यावर डबा म्हणाला, "मला समजलं नाही." दिवसभर तेवढ्यावर हसणं.

सुरुवातीला रोज पिवळा यायचा. नेहमीपेक्षा जास्त बोलणं, नेहमीपेक्षा जास्त हालचाल. मी रोज कळवायची, बरी आहे, बायका आल्यात. हळूहळू पिवळा यायचा थांबला. डब्याने नवं नेहमीचं धरलं. केतकी मॅडमनी ॲपमध्ये एक नवं बटनही दिलं, दाबलं की डब्याला कळतं, ही गडबड आल्यागेल्यांची आहे. नाव काय ठेवू, असं मला विचारलं. मी म्हटलं, "'घरात माणसं आहेत' असं ठेवा." त्यांनी तसंच ठेवलं.

मग शिवरात्र आली. गटाच्या सगळ्या बायका कुणकेश्वरच्या जत्रेला गेल्या, मीही गेले. काकीचा गुडघा दुखत होता, ती घरी. संध्याकाळी जत्रेच्या गर्दीत पिशवीतला फोन थरथरला. बाहेर काढला तर लाल. वाचलं.

"शेवंतीबाई आज नेहमीपेक्षा फार कमी बोलल्या. कृपया त्वरित संपर्क करा."

मी घाईघाईने काकीला फोन लावला. बिझी. परत लावला, बिझी. मग शेजारच्या बाईला पाठवलं, तिने कळवलं की काकी खुर्चीत बसून फोनवर बोलते आहे, चहा गार झालाय तरी बोलते आहे. दिगूलाही तोच लाल गेला होता ना. घाबरून त्याने फोन लावला, आई ठीक आहे हे कळलं, तरी ठेवला नाही. मी देवाचं दर्शन घेऊन, मालवणी खाजं घेऊन गाडीत बसले तरी फोन बिझीच.

एवढ्या वर्षांच्या कामात मला कळलं ते एवढंच. उद्या असे डबे घरोघर येणार आहेत, तुमच्याही. चांगलेच आहेत, पडल्यावर धावून येतात. पण त्यांना आपण जे दाखवू तेच ते बरं समजणार. रिकामं घर दाखवलं, तर रिकाम्या घराला हिरवा देतील, आणि त्यात चूक त्यांची नसेल.

असो. चहा गार करू नका. काकीकडेही चला, ती विचारत होती तुमचं. आणि पुढच्या वेळी असे अर्ध्या दिवसाला नको, राहायला या, लवकर या. पोरांनाही घेऊन या, घर दणाणून सोडू दे. काकीच्या डब्याचा अलर्ट येईल, येऊ दे. बटन माझ्या फोनवर आहे.